विहिरीची ओटी

बोरखळच्या ग्रामपंचायतीनं पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर पाटी रंगवून घेतली, तिथून हे सगळं सुरू झालं असं गावातले शहाणे म्हणतात. शहाण्यांचं काय, त्यांना कशाचीही सुरुवात सापडली की जीव थंड होतो. पण पाटीपासून घेतलं तर तुम्हालाही आधी थोडं हसून घेता येईल. पुढं हसायची सोय नाही, म्हणून पाटीपासूनच घेऊ.

वरून कागद आला होता, की विहिरीच्या पाण्याची रोज ओटी टेस्ट करावी आणि तशी सूचना ठळक अक्षरात लावावी. रंगारी आणला जामखेडचा. त्याला अक्षरं ठळक काढायची इतकी हौस, की 'या विहिरीची रोज ओटी' एवढं लिहून होईतो पंपघराची भिंत संपली. 'टेस्ट' हा शब्द कोपऱ्यावरून वळून मागच्या भिंतीवर गेला. तिथं वेडी बाभूळ माजलेली, बिचारा तिच्यात दडला. 'करावी' मात्र रंगाऱ्यानं पुढच्याच भिंतीवर, खालच्या ओळीत बसवलं. झाली पाटी तयार: 'या विहिरीची रोज ओटी करावी.'

आपल्याकडं ओटी म्हटली की डोळ्यापुढं काय येतं? खण, नारळ, ओंजळभर गहू आणि हळदीकुंकू. सरकारची ओटी वेगळी. बोटाएवढ्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, पुरेशी उतरली आहे, वहीत लिहायचं 'ओटी पॉझिटिव्ह'. पांढरंच राहिलं तर 'निगेटिव्ह', आणि मग गावाला पाणी सोडायचं नाही. एवढं सोपं काम. ते रंभाजीकडं होतं.

रंभाजी म्हणजे ग्रामपंचायतीचा वॉलमन, पाईपाचे वॉल फिरवून गावाला पाणी सोडणारा. कागदोपत्री 'जलसुरक्षक', पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मागं वळून पाहिलं नसतं. साठीला टेकलेला, अंगानं काटक, खांद्यावर कायम वॉलची चावी. ही चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ. चावीचं टोक वॉलवर टेकवायचं, मुठीला कान लावायचा, की जमिनीतल्या पाण्याचा आवाज येतो. कुठं गळतंय, कुठं हवा धरलीय, कुणी चोरून मोटर लावलीय, सगळं रंभाजीला त्या कानात कळायचं. गावात त्याला म्हणत, रंभाजीच्या कानाला चावी आहे. आणि कुणाच्या घरात काय बोलणं चाललंय तेही कळतं का रे, असं विचारून बाया त्याला चिडवत.

या विहिरीवर त्याचा जीव होता, त्याला कारण होतं. त्याची आई याच विहिरीवर रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कठड्याला हात लावायचा नाही. वरच्या आळीच्या कुण्या बाईला दया आली तर ती वरून पाणी वाढणार. आई सांगायची, "वाढनारीचा हात आपुन पुरं म्हनायच्या आदीच थांबायचा बाबा. म्या जन्मात कदी पानी घेताना 'पुरं' म्हनले न्हाई." आता त्याच विहिरीची किल्ली तिच्या लेकाच्या कमरेला होती. सगळं गाव त्यानं सोडलेलं पाणी पीत होतं. रंभाजी हे कुणाला बोलून दाखवत नसे, पण पंपघराचं कुलूप उघडताना रोज एकदा त्याची मान थोडी ताठ व्हायची.

तर वैशाखातल्या एका सोमवारी लाईटीचं वेळापत्रक बदललं. सकाळची लाईट साडेअकराला यायला लागली आणि रंभाजीला पावडरीची बादली घेऊन भर उन्हात विहिरीवर जावं लागलं. एरवी त्या वेळेला तिकडं चिटपाखरू नसायचं. बारा ते दोन विहिरीवर साती आसरा येतात, हे आता सगळ्या बोरखळला माहीत होतं. हिरव्या लुगड्यातल्या सात जणी, ओले केस मोकळे सोडून कठड्यावर बसतात म्हणे. कुणी पाहिल्या? आदिनाथनं. आदिनाथ गावचा उपसरपंच, विहिरीच्या वरच्या अंगाला त्याचा मळा. त्यानं दोन दिवाळ्यांमागं मारुतीच्या पारावर हे सांगितलं आणि गावानं माना डोलावल्या. गाव मोठं गमतीचं. रस्ता मंजूर झाला म्हटलं तर कागद दाखव म्हणतं, भूत दिसलं म्हटलं की लगेच विश्वास!

रंभाजी काही भूत मानत नव्हता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा तो मुलगा. आता भुतानंच रंभाजीला मानलं, त्याला तो तरी काय करणार.

ऊन असं होतं, की पंपघराच्या पत्र्याचा कडकड आवाज येत होता. त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. होला नाही, सरडा नाही. रंभाजी कठड्यापाशी आला आणि त्याला हिरवं लुगडं दिसलं.

"कोन हाय?"

"मी हाय, रंगुबाई. आसरा समजून पळू नगंस, पडशील."

रंगुबाई सत्तरीची. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली होती, जीभ मात्र रोज धार लावल्यासारखी. रंभाजीनं निःश्वास सोडला, आत डोकावून पाहिलं आणि त्याचा पारा चढला. खाली पाण्यावर नारळ तरंगत होता. शेजारी हिरवा खण हळूहळू फुगून बुडत होता.

"नानी, पिन्याच्या पान्यात नारळ टाकलात?"

"ओटी भरली तिची. पंचायतीचा हुकूम हाय. पाटी वाच की, तू तर शिकलेला."

"आवो ती टेश्ट हाय, टेश्ट! फुडचा शबुद भिंतीमागं गेलाय."

"मंग भिंतीवर वराड, माज्यावर कशापायी?"

रंभाजी जाळी शोधायला लागला. रंगुबाई जागची हलली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "गावात कुनाची ओटी भरायची असली तर मला बोलवत्यात व्हय रे? इधवा बाई. वीस वर्सं कुनाच्या पदरात चार गहू टाकलं न्हाईत. म्हून हिला इचारलं, चालंल का गं बाई? तर ही न्हाई म्हनली न्हाई."

"ती काय म्हननार?"

"म्हनत न्हाई, पर रीत पाळती. ओटी भरली की पाच दानं परत द्यायची रीत हाय ना? ह्ये बघ… दिलं."

तिनं मूठ उघडली. तळहातावर गव्हाचे पाच दाणे. ओले. आणि काळे, जळक्या काडीसारखे.

"म्या पाठ फिरवली तवर कठड्यावर ठिवलं हुतं. पर म्या टाकलं ते सोन्यावानी गहू, रंभाजी… ह्ये असं काळं का?"

"चिमनीनं टाकलं आसंल," रंभाजी म्हणाला. बोरखळात चिमण्या राहिल्या नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रंगुबाई गेली. रंभाजीनं नारळ काढला. खण काही जाळीत येईना, खालीच गेला. त्यानं पावडर कालवली, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं, अर्धा तास बाभळीखाली बसला. मग नळी भरून दोन थेंब टाकले. पाणी पांढरं. आणखी पावडर घातली, पुन्हा नळी भरली. पांढरं. तिसऱ्यांदा दुप्पट घातली. एवढ्या पावडरीत माणसाच्या डोळ्याला धार लागावी, पण विहिरीतून क्लोरीनचा वास येतच नव्हता. वास येत होता तो दुसराच. गुळाची ढेप भिजून महिनाभर कुजावी तसा, गोडूस आणि नासका.

"पावडर खातंय कोन?" रंभाजी मोठ्यानं म्हणाला.

त्यानं चावी वॉलवर टेकवली, मुठीला कान लावला. आधी नेहमीचं. पाण्याची घरघर, मध्येच हवेचा बुडबुडा. मग बुडबुडे थांबले. पाईपात असं शांत झालं, की पलीकडून कुणी श्वास धरून ऐकतंय. आणि अगदी बारीक, पोट भरलेल्या माणसाला बळंच खाऊ घालताना तो म्हणतो तसा, बाईचा आवाज आला.

"पुरं…"

रंभाजीनं कान काढला. तळव्यानं चोळला. पुन्हा लावला.

"पुरं… बाई… पुरं…"

हवा धरलीय, असं तो स्वतःला म्हणाला. पण चावी खांद्यावर टाकताना, ऊन डोक्यावर असूनही, मुठीचं लोखंड थंडगार लागत होतं.

पंचायतीत आदिनाथ टेबलावर पाय टाकून बसला होता. शेजारी थंड पाण्याचा जार. आदिनाथच्या घरी गेली दोन वर्षं जामखेडहून जार यायचे. विहिरीचं पाणी तो हात धुवायला वापरायचा, तेही साबण लावून.

"ओटी निगेटिव्ह हाय," रंभाजी म्हणाला. "तीन डाव केली. पान्याला घान वास हाय. आज पानी सोडता यायचं न्हाई."

"आरं, गावात दोन लग्नं हायेत आज. पानी न्हाई सोडलंस तर वऱ्हाड तुज्या दारात आंघूळ करंल."

"करू दे. पर पानी खराब हाय."

"तुला काय, नाकात मशीन बसवलंय?" आदिनाथ हसला. मग वही पुढं सरकवली, पेनाचं टोपण काढून दिलं. आवाज एकदम मऊ केला. "रंभाजीदादा, तुज्या सायलीचं रविवारी ओटभरण हाय म्हनं. पावनंरावळं येतील, रांजन रिकामा ठिवशील? लिही पॉझिटिव्ह. एक दिस. एका दिसानं काय हुतंय?"

रंभाजीनं लिहिलं.

आता तुम्ही त्याला नावं ठेवाल. ठेवा. पण मंडळी, तुमच्या गावची वही कोण लिहितं आणि काय बघून लिहितं, हे कधी जाऊन विचारलंय? बोरखळनंही नव्हतं विचारलं. त्या संध्याकाळी पाणी सुटलं. बायांना वास आला, त्यांनी नाकाला पदर लावला आणि घागरी भरल्या. पुरुषांना वास आला, ते म्हणाले उकळून घ्या, आणि पत्ते पिसायला बसले. एका माणसानं विचारलं नाही, की पाणी का वास मारतंय. एका माणसानं!

बुधवारी पहाटेपासून जुलाब-उलट्या. खालची आळी आधी, मग वरची. दोन्ही वऱ्हाडं सलाईनवर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात माणसं सतरंज्यांवर पडलेली. नर्सबाई पंकजाताई एकटी इकडून तिकडं पळत होती आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती, पाणी कुठलं प्यालात? सातवा महिना लागलेली सायली सासरहून, नेवाशाहून, चारच दिवसांपूर्वी माहेरी आली होती. तिला जामखेडच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तिचे डोळे खोल गेले होते, ओठ पांढरे. डॉक्टरांनी पोटाला यंत्र लावलं, बराच वेळ ऐकलं आणि पुन्हा लावलं.

रंभाजी भिंतीला टेकून उभा होता. जन्मभर लोखंडाला कान लावून पाणी ऐकणारा माणूस. पण आपल्या नातवाचे ठोके ऐकायला त्याच्याजवळ काही नव्हतं. त्याची बायको भिमाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पानी तुमीच सोडलं ना?"

गुरुवारी सकाळी रंभाजी टेम्पोत बसून गावात उतरला, पंपघरातून चावी उचलली आणि विहिरीवर न थांबता वर आदिनाथच्या मळ्याकडं निघाला. राग असा होता, की पायातल्या चपलेचा अंगठा तुटला ते त्याला कळलं नाही. आदिनाथवर राग, गावावर राग, आणि स्वतःच्या उजव्या हातावर इतका, की चावी त्यानं डाव्या खांद्यावर घेतली होती.

मळ्याच्या कडेला आदिनाथचं बोअर होतं. चारशे फूट खोल, थेंब पाणी न लागलेलं. गावात अशी कोरडी बोअरं पन्नास असतील, त्यांच्या तोंडावर दगड ठेवून लोक विसरून जातात. या बोअरवर मात्र तुराट्या रचल्या होत्या, आणि पाऊलवाटेवर मोठ्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या. पुढं बांधापलीकडं इंजिनाचा आवाज आला. नंबरपाटीवर चिखल फासलेला टँकर वळण घेऊन निघून गेला. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते.

तेव्हा रंभाजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारा ते दोन आसरा फिरतात. बारा ते दोन विहिरीकडं कुणी जायचं नाही. हिरव्या लुगड्यातल्या सात जणी! अरे, टँकर दिसू नये म्हणून भूत उभं केलं होतं भाड्यानं!

आदिनाथ बोअरपाशीच उभा होता. जाड नळी अजून बोअरच्या तोंडात होती, तिच्यातून उरलंसुरलं काळं पाणी आत गळत होतं. वास तोच, नासक्या गुळाचा. कुठल्या कारखान्याची घाण, ते आदिनाथला आणि टँकरवाल्याला ठाऊक.

"तू हितं?" आदिनाथ दचकला, पण लगेच हसला. "आरं, ही आसरांची येळ."

"तुज्याच आसरा त्या. तुला न्हाई भ्या वाटत?"

"रंभाजी, घरी जा. लेक आजारी हाय तुजी."

"माजी लेक! सगळं गाव सलाईनवर हाय, भडव्या! तिच्या पोटातलं लेकरू…" रंभाजीचा आवाज फाटला. "कवापासून वततोस ह्ये? हितून विहीर शंभर पावलं न्हाई. भुई खालून येकच हाय, कळत न्हाई तुला?"

"चारशे फूट खाली जातंय ते. पार पाताळात. पाताळातलं कोन पितंय?"

तेवढ्यात बोअरमधून आवाज आला. आधी गळण्याचा वाटला. मग त्यातून शब्द निघाला.

"पुरं…"

आदिनाथनं रंभाजीकडं पाहिलं. "तोंडानं काढतोस व्हय रं? या वयात नकला?"

रंभाजी पुढं झाला. त्यानं नळी ओढून बाजूला फेकली. सहा इंची लोखंडी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या पाईपाच्या, तोंडाला आतून काहीतरी चिकटलं होतं. हिरवा खण. रंगुबाईनं सोमवारी विहिरीत सोडलेला. खालून वर आलेला, ओला, आणि जेवण झाल्यावर तोंड पुसून टाकावं तसा एका कडेला काळा. त्याला हात लावायचं धाडस रंभाजीला झालं नाही. त्यानं चावी केसिंगवर उभी टेकवली, मुठीला कान लावला.

या वेळी एक आवाज नव्हता. खाली खोल, काळोखात, बायाच बाया होत्या. घागरींचा आवाज, बांगड्यांचा आवाज. कुणी खोकतंय, कुणाला उमासा येतोय, आणि सगळ्यांतून तोच शब्द. पुरं. पुरं. पुरं गं बाई. त्या गलक्यात एक आवाज त्याला ओळखीचा वाटला. घागर घेऊन आयुष्यभर खाली उभी राहिलेल्या बाईचा. जो शब्द तिला वर कधी म्हणता आला नाही, तो ती खाली म्हणत होती.

रंभाजीनं मान उचलली. डोळ्यांत पाणी होतं, पण राग आटला नव्हता. उलट आता थंड झाला होता, आणि थंड राग वाईट.

"आदिनाथ, तू भूत दावलंस ना गावाला? ये. कान लाव."

"मी न्हाई लावत."

"का? खोटंच हाय ना?"

एवढ्या एका शब्दावर आदिनाथ आला. मोठ्या माणसाला खिजवलं की तो लहान पोरासारखा येतो. चपला चिखलात रुतायला लागल्या म्हणून काढून ठेवल्या, चावीची मूठ धरली, हसत हसत कान टेकवला. हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त वरचा रंग गेला. मग त्यानं मान हलवली. होकारार्थी. पुन्हा हलवली. कुणीतरी त्याला विचारत होतं, आणि तो खालमानेनं उत्तर देत होता.

"काय म्हनत्यात?" रंभाजीनं विचारलं.

"म्हनत्यात…" आदिनाथ कुजबुजला. "म्हनत्यात, तू ओटी भरलीस… आता परत घे…"

तेवढ्यात रंभाजीचा मोबाईल वाजला. जामखेडहून भिमाबाई. खोलगटात आवाज येईना म्हणून तो वीस पावलं चालत बांधावर गेला. "ऐका हो," भिमाबाई रडत होती, "ठोकं लागलं. डॉक्टर म्हनत्यात लेकरू बरं हाय. ऐकताय ना?" ऐकत होता. पाठीमागं कुणी ओरडलं नाही. पाणी चुबकल्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. मिनिट, फार तर दीड मिनिट.

तो वळला तेव्हा आदिनाथ नव्हता.

चावी केसिंगवर उभी होती. कुणी धरलेली नसताना, सरळ. बोअरच्या तोंडापाशी आदिनाथच्या चपला होत्या. देवळात जाताना काढतो तशा नीट जोडून ठेवलेल्या, तोंडं बोअरकडं. उजव्या चपलेत गव्हाचे पाच दाणे. ओले. काळे. हिरवा खण कुठंच नव्हता.

चारी बाजूंना नांगरलेलं मोकळं रान. पळणारा माणूस एक कोस दिसला असता.

पुढचं तुम्हाला पेपरात वाचल्यासारखं वाटेल. पोलीस आले. त्यांनी रंभाजीला दोन दिवस बसवून ठेवलं. पण सहा इंचाच्या पाईपात माणूस घातला असं म्हणायचं, तर आधी कुणीतरी घालून दाखवावा लागला असता. साहेबांचं स्वतःचं डोकंही त्यात मावेना. बोअरात कॅमेरा सोडला, दोनशे फुटांखाली काळं पाणी, पुढं काही दिसेना. शेवटी लोक म्हणाले, टँकरवाल्यांबरोबर पळाला असणार. कुणाला तो पुण्यात दिसला, कुणाला घोडेगावच्या बाजारात म्हशी बघताना दिसला. गाव शेवटी गावच. टँकर रोज दारावरून जात होता तो दिसला नाही, आणि आता आदिनाथ रोज दिसायला लागला.

एक मात्र झालं. पंकजाताईनं पाण्याच्या बाटल्या जिल्ह्याला पाठवल्या. बाया पंचायतीपुढं रिकाम्या घागरी घेऊन बसल्या, सगळ्यांत पुढं रंगुबाई. आलेल्या अधिकाऱ्याला ती म्हणाली, "सायेब, आमच्या विहिरीची ओटी निगेटिव्ह हाय. तुमची कशी हाय?" बोअर सिमेंटनं बुजवलं. विहीर तीनदा उपसली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सायलीला मुलगी झाली, धडधाकट. आणि पौषातल्या एका दुपारी रंभाजीच्या हातातली नळी पिवळी झाली. हळदीसारखी. तो कितीतरी वेळ ती उन्हात धरून उभा होता.

मग त्यानं पाणी सोडायच्या आधी सवयीनं चावी टेकवली आणि कान लावला.

पाण्याची स्वच्छ घरघर. बाया नव्हत्या. कुणी खोकत नव्हतं. खूप खोल, खूप लांब एकच आवाज होता. पुरुषाचा.

"पुरं… दादा… पुरं…"

रंभाजीनं मुठीजवळ तोंड नेलं. "एवढ्यात न्हाई," तो हळूच म्हणाला, आणि वॉल फिरवला. गावाला पाणी सुटलं.

इथं गोष्ट संपवली असती, तुम्हीही समाधानानं झोपला असता. पण मागच्या महिन्यातलं राहिलंच.

पावडर संपली. वरून आली नाही. रंभाजी पंपघरात वही घेऊन बसला होता, तेवढ्यात नव्या ग्रामसेवकाचा फोन आला. मुलगा चांगला आहे, पण घाईतला. "काका, आजच्या दिवस पॉझिटिव्ह लिहून टाका. पाणी तर आता चांगलंच आहे. एका दिवसानं काय होतंय?"

एका दिवसानं काय होतंय. रंभाजीनं पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहिली. 'ओटी' लिहिलं. पुढं हात थांबला. बाहेर ऊन होतं, पत्रा कडकडत होता आणि होला मघाशी घुमत होता तो गप्प झाला होता. त्यानं दारातून सहज बाहेर पाहिलं.

चपला त्यानं उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या, घाईत, एक इकडं एक तिकडं. आता त्या जोडून ठेवल्या होत्या. तोंडं विहिरीकडं.

त्यानं वहीत 'निगेटिव्ह' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं. फोनवर म्हणाला, "पानी सुटनार न्हाई. गावाला सांगा." कुलूप लावायला बाहेर आला, तेव्हा चपला पुन्हा विस्कटलेल्या होत्या, एक इकडं एक तिकडं, त्यानं काढल्या तशाच.

फक्त डावीत पाय घालताना तळव्याला काहीतरी ओलं टोचलं. त्यानं वाकून पाहिलं. एकच दाणा होता. वर्षापूर्वी, त्या सोमवारी, त्यानं खोटं एकदाच लिहिलं होतं.

रंभाजी आता अनवाणी जातो विहिरीवर. बाया चिडवतात, रंभाजीदादा, चपला कुणी नेल्या? तो हसतो. चपला घरीच आहेत, दाराआड. पण भिमाबाई म्हणते, रोज सकाळी झाडताना उचलल्या की त्या ओल्या असतात. आणि कितीही आडव्यातिडव्या टाका, त्यांची तोंडं विहिरीकडंच असतात.